रायफल शिकवायची ती उस्तादानेच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका भरतीपूर्व प्रशिक्षण अकॅडमीची बातमी आली होती. सोबत फोटो होता. रांगेत उभी मुले, हातात रायफलीसारख्या दिसणाऱ्या एअरगन आणि खाली ओळ, ‘भावी जवानांना नेमबाजीचे धडे’. मुले आपल्याच भागातली, काटक आणि डोळ्यांत उमेद असलेली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण पहिल्या मुलाचे बोट ट्रिगरवर होते आणि दुसऱ्याच्या हातातली नळी तिसऱ्याच्या कमरेकडे वळलेली होती. शेजारी प्रशिक्षक हसत उभे होते. तो फोटो पाहिल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. मधली काही वर्षे बेळगावच्या आमच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो. रंगरुटांच्या, म्हणजे नव्याने भरती झालेल्या मुलांच्या, हातात पहिल्यांदा रायफल देण्याचे काम मी केले आहे, म्हणून या विषयावर अधिकाराने लिहितो.

पालकांनी सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सैन्य भरतीत नेमबाजीची परीक्षाच नसते. 2023 पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा होते आणि त्यात पास होणाऱ्यांना मैदानावर बोलावतात. तिथे 1600 मीटर धावणे, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स, त्यानंतर मेडिकल. गोळी झाडून दाखव असे तिथे कोणी म्हणत नाही. तरीही आमच्या भागात ‘फायरिंग बॅच’ म्हणून वेगळी फी घेतली जाते. नात्यातल्या एका मुलाने भरलेल्या फीची पावती मी स्वतः पाहिली. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्याच पैशात त्या मुलाला चांगले बूट आले असते, गणिताची पुस्तके आली असती, महिनाभर अंडी-दूध मिळाले असते. भरतीला हेच कामी येते.

ही ‘फायरिंग बॅच’ का खपते, तेही समजण्यासारखे आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. सेवा चार वर्षांची आणि पुढे कायम होणार ते 25 टक्क्यांपर्यंतच. प्रशिक्षणाचा काळही आमच्या वेळेपेक्षा कमी झाला. मग घरच्यांना वाटते, पोरगा आधीच थोडेफार शिकून गेला तर चौघांत उठून दिसेल, पुढे टिकेल. भावना खरी आहे. पण रायफलीच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसतो.

सेंटरमध्ये आमच्याकडे दोन प्रकारची मुले यायची. एक, ज्यांनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. दुसरी, ज्यांनी जत्रेत फुगे फोडलेत, कुठे एअरगनने बाटल्या पाडल्यात. कुठल्याही उस्तादाला विचारा, तो पहिलाच मुलगा मागेल. दुसऱ्याला आधी विसरायला लावावे लागते. दहा पावलांवर बाटली फोडणारा मुलगा गोळी सुटली की लगेच मान वर करून बघतो, लागली की नाही. ही सवय एकदा बसली की जाता जात नाही. रायफलीवरचा गाल गोळी सुटल्यानंतरही क्षणभर तसाच राहिला पाहिजे, डोळा साइटवरच, म्हणजे नेम धरायच्या खुणेवरच, राहिला पाहिजे. मान उचलण्याची घाई झाली की ती घाई गोळी सुटायच्या आधीच सुरू होते आणि नळी हलते.

आता सेंटरमध्ये काय शिकवतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण फोटोतल्या धड्यांत यातले काही दिसले नाही.

पहिले कित्येक दिवस गोळी नसतेच. रायफल कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, काढायची, नंबर बघून घ्यायची, ‘जाँच शस्त्र’, म्हणजे रायफल रिकामी आहे का याची तपासणी, झाल्याशिवाय पुढची कोणतीही हालचाल करायची नाही. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. रायफल खोलायची, साफ करायची, जोडायची. मग लेटून पोझिशन. पाय फाकलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या, डावे कोपर रायफलीच्या शक्य तितके खाली, बट, म्हणजे रायफलीचा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत घट्ट, आणि गाल दर वेळी बटवर त्याच जागी. बेळगावच्या लाल मातीत कोपरे सोलून निघतात. तरीही उस्ताद उठू देत नाही, कारण अंग जमिनीला सरावले नाही तर पुढे शिकवलेले सगळे फुकट जाते.

त्यानंतर शिस्त घेणे, म्हणजे नेम धरणे. डोळ्याजवळच्या पीप-साइटच्या छिद्रातून बघायचे, नळीच्या पुढच्या बाजूच्या फोरसाइटचे टोक बरोबर मध्ये आणायचे आणि ते टार्गेटवर ठेवायचे. ऐकायला सोपे आहे. पण माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघतो. नवखा टार्गेटकडे बघतो आणि फोरसाइट धूसर होते. आम्ही उलटे शिकवतो: टोक स्वच्छ दिसू दे, टार्गेट थोडे धूसर राहू दे. इन्सास रायफलीच्या दोन साइट्समध्ये अर्ध्या मीटरहून थोडे कमीच अंतर असते. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली तर 300 मीटरवर गोळी सुमारे दोन फूट बाजूला जाते. जवानाला हे आकडे पाठ नसले तरी चालते, पण डोळ्याची सवय त्याला लागलीच पाहिजे आणि ती उस्तादच लावतो.

शिस्त बरोबर येते का, हे तपासायची आमची जुनी पद्धत आहे. रायफल स्टँडवर पक्की बसवतात. समोर कागद लावून एकजण चकती घेऊन उभा राहतो. रंगरूट रायफलीला हात न लावता साइटमधून बघतो आणि ‘डावीकडे, थोडी वर, बस’ असे सांगत चकती जागेवर आणवतो. चकतीच्या मधल्या छिद्रातून कागदावर पेन्सिलने ठिपका मारायचा. असे तीन वेळा. तीन ठिपक्यांचा त्रिकोण छोटा आला तर त्याचा डोळा दर वेळी एकच गोष्ट बघतोय. मोठा आला तर अजून वेळ आहे. यात एकही गोळी खर्च होत नाही, पण कोण कुठे अडकलाय ते उस्तादाला कळते.

माण तालुक्यातला एक मुलगा मला आठवतो. मेंढपाळाच्या घरातला, नजर अशी की डोंगरावरची हालचाल आमच्या आधी टिपायचा. पण त्याचा त्रिकोण हातभर पसरायचा. सगळे म्हणाले, जमणार नाही याला. मी त्याच्या तोंडासमोर पडून बसलो आणि त्याचे डोळे बघितले. डावा डोळा मिटतच नव्हता. मिटायला गेला की उजवाही अर्धा मिटायचा आणि सगळा चेहरा आक्रसायचा. रुमालाची घडी करून डाव्या डोळ्यावर बांधली. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचे तिन्ही ठिपके एका नाण्याखाली झाकले गेले. पुढे रुमालही लागेनासा झाला. आता सांगा, दहा-पंधरा मुले एका रांगेत उभी करून, मोबाइलवर रील काढत शिकवणाऱ्याला हा डोळा दिसला असता का?

ट्रिगरचेही तसेच. बोटाचे पहिले पेर, पहिला दाब, थांबा, मग दुसरा दाब इतका सावकाश की गोळी कधी सुटली हे स्वतःलाही आधी कळू नये. श्वास अर्धा सोडून धरायचा. आठ-दहा सेकंदांत गोळी गेली नाही तर डोळा थकतो, साइट हलायला लागते. तेव्हा ओढून झाडायची नाही. श्वास सोडायचा, डोळा सैल करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. रिकाम्या रायफलीच्या नळीवर फोरसाइटच्या मागे रुपयाचे नाणे ठेवून ट्रिगर दाबायला लावतात. नाणे पडले की पुन्हा. दिवसेंदिवस हेच चालते. रंगरुटांना हा काळ सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि माझ्या मते जवान खरा घडतो तो याच काळात. प्रशिक्षणाचे आठवडे कमी-जास्त करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: इतर कुठेही कात्री लावा, या सरावाला लावू नका. सिम्युलेटर आले आहेत, ते चांगलेच आहेत, त्यांनी गोळ्या वाचतात आणि चूक पडद्यावर दिसते. पण चूक का झाली, हे शेजारी पडून बघणारा माणूसच सांगतो.

फायरिंग पॉइंटवर उस्ताद टार्गेटकडे बघत नाही, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. तो रंगरुटाकडे बघतो. पापणी मिटते का, जबडा आवळतो का, खांदा पुढे रेटतो का. आवाजाची आणि धक्क्याची भीती मनात बसली की शरीर गोळीच्या आधीच दचकते आणि गोळी खाली जाते. मुलगा शपथेवर सांगतो, ‘उस्ताद, मी हललो नाही.’ त्याला खरेच वाटत असते. मग त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी ड्रिलची, म्हणजे न उडणारी नकली, गोळी भरून देतात. ट्रिगर दाबला, आवाज नाही, धक्का नाही, पण नळी मात्र जोरात खाली गेली. त्याचे त्यालाच दिसते, ओरडावे लागत नाही. माझे स्वतःचे उस्ताद रत्नागिरीकडचे होते. ड्रिलच्या मैदानावर त्यांचा आवाज सगळ्या लाइनला ऐकू जायचा. फायरिंग पॉइंटवर मात्र ते कानाशी कुजबुजल्यासारखे बोलायचे. ‘घाबरलेल्याची छाती धडधडते आणि ती धडधड नळीत उतरते,’ म्हणायचे. मीही पुढे तीच रीत ठेवली.

रेंजवरची शिस्त तर अकॅडमीवाल्यांनी एकदा येऊन बघावी. लाल झेंडा चढल्याशिवाय गोळी नाही. बटमधली, म्हणजे टार्गेटजवळच्या आडोशातली, टार्गेट हाताळणारी मार्करची माणसे आत सुरक्षित आहेत याची खात्री झाल्याशिवाय ‘भर’चा हुकूम नाही. ‘रुक जा’ म्हटले की बोट जिथे असेल तिथून बाहेर. पाच गोळ्यांचा ग्रुप झाला की मार्कर टार्गेट खाली घेतात, भोकांवर खळ लावून कागदाच्या चकत्या चिकटवतात. पाच गोळ्या मधल्या ठिपक्यापासून लांब पण एकत्र बसल्या तर उस्ताद खूश होतो, कारण साइट फिरवून ग्रुप मध्यावर आणता येतो. एक बरोबर मध्ये आणि चार चारी दिशांना गेल्या तर त्या एका गोळीचे कोणी कौतुक करत नाही. शेवटी खोकी, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी टरफले, मोजतात. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढी खोकी परत आलीच पाहिजेत. एक कमी भरले तर सगळी प्लॅटून गवतात रांगत शोधते, मग जेवणाची वेळ टळो की अंधार पडो. आपल्या वरणगावच्या आणि खडकीच्या कारखान्यांत कामगारांनी बनवलेल्या एकेका गोळीचा असा हिशेब राहतो.

आमच्या वेळी 7.62 मिलिमीटरची एसएलआर रायफल होती, मी शिकवली ती इन्सास, आता अमेठीजवळच्या कोरव्यात बनणारी एके-203 येते आहे. रायफल बदलली तरी श्वास, डोळा आणि बोट तेच.

ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स रायफलमध्ये कांस्यपदक आणले. त्यानंतर नेमबाजीचे वेड वाढले, याचा मला आनंदच आहे. पण त्यामागे त्याची अनेक वर्षांची मेहनत, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षक आणि नियमांत चालणारी रेंज आहे. मुलाला खेळ म्हणून नेमबाजी करायची असेल तर अशाच रेंजवर घाला. सैन्यात जायचे असेल आणि त्याआधी रायफल हाताळावीशी वाटत असेल तर एनसीसी आहे. तिथे .22 रायफलीवर सैन्यातले कायम नेमणुकीचे प्रशिक्षक शिकवतात, रेंजचे सगळे नियम पाळून. ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर भरतीत त्याचा फायदाही होतो. वेगळी फी भरावी लागत नाही.

ठरावीक ताकदीच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे अकॅडमीवर कायद्याने बोट ठेवता येईलच असे नाही. पण छऱ्यानेही डोळा जातो. निदान जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी अशा ठिकाणी जाऊन पाहावे: कोण शिकवते, कुठे शिकवते, पाठीमागे मातीचा बंधारा आहे की रस्ता.

आपल्याला विनंती एवढीच की शस्त्र हातात असलेल्या मुलांचा फोटो छापण्याआधी बोट कुठे आहे आणि नळी कुठे वळली आहे ते बघावे. ते चुकलेले असेल तर फोटो वगळावा. शेकडो मुले तो फोटो कापून भिंतीला लावतात.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या अकॅडमी चालकांनाही सांगतो, रागाने नाही. तुम्ही मुलांना पहाटे उठवता, पळवता, व्यसनापासून लांब ठेवता, हे मोठे काम आहे. ते करत राहा. एअरगन तेवढ्या कपाटात ठेवा. त्या तासाला मुलांना पोटावर पडून स्थिर राहायला शिकवायचे असेल, श्वासावर ताबा शिकवायचा असेल, तर कोरेगाव, खटाव, माण तालुक्यांत आमच्यासारखे निवृत्त उस्ताद गावोगाव आहेत. निरोप पाठवा, आम्ही येऊ. मानधन नको. मुलांना सतरंज्या मात्र घेऊन यायला सांगा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा