आरोग्यमंत्री साहेब, बायकांची हाडं काय फक्त बाळंतपणापुरतीच असतात?

माननीय आरोग्यमंत्री साहेब, स.न.वि.वि.

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहते, वय 53. गेल्या आठवड्यात फूटपाथच्या उखडलेल्या लादीला अडखळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने! डॉक्टर म्हणाले, ताई डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. पदरचे पैसे घालून केला, कारण निवडणुकीत तुमच्या माणसांनी कबूल केलेलं मशीन अजून येतंच आहे. टी-स्कोर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे 2.7. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं भराभर झिजतात, हे मला प्लास्टर बांधताना कळलं. सुनेला दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, चांगलंच आहे, पण सासूला कोणी विचारलं का हो? पोटात मूल असेल तरच बाई मोजायची का तुमच्या खात्यात?

आणंद इथून तासाभरावर, दुधाच्या नावाने आपण जगभर मिरवतो. आणि घरातली बाई? सगळ्यांचे पेले भरून झाले की पातेल्याच्या तळाशी उरेल त्याचा चहा, वर दोन खाखरे, झाला नाश्ता. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणते पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. मोठा पेलाभर दुधात तीनशेच्या आत-बाहेर, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे. करा हिशोब. रेशनवर नाचणी द्या म्हटलं तर मिलेट वर्ष 2023 मध्येच साजरं करून मोकळे झालात.

डॉक्टर म्हणतात नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, हाडांवर भार पडला पाहिजे, भरभर चाला, जिने चढा, थोडं वजन उचला. कुठे चालू? फूटपाथवर स्कूटर आणि सेवउसळच्या गाड्या, बागेतल्या व्यायामाच्या मशीनचं पेडल गंजून जाम, त्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळतोय. नवरात्रात नऊ रात्री नाचायला मैदानं, लाइट, पोलीस सगळं मिळतं, तेव्हाच काय ती आमच्या हाडांची सोय, बाकी वर्षभर घरात बसा.

पन्नाशीनंतर जगात दर तीन बायकांत एकीचं हाड असं मोडतं म्हणे. तुमच्याकडे आकडा असेल तर द्या, नाहीतर हाच धरा. टॅक्स मात्र आमच्याकडून पैन् पै मोजून घेता, पूल पडला की चौकशी समिती, बाई पडली की ‘जपून चालत जा’!

डेक्साचं मशीन कधी येणार ती तारीख कळवा. ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असलं पत्र नको, तसली घरात फाइलभर आहेत.

आपली नम्र (सध्या तरी),
दांडिया बाजारातली एक मतदार