ती बरणी ओतल्याबद्दल

प्रिय मित्रा,

पाच वर्षांत तुला एक धड पत्र लिहिलं नाही, आणि आज लिहितोय तेही टोमॅटोच्या बियांपायी. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. मी ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे.

तू दिलेलं ते पाकीट आठवतंय? कुत्र्यामांजराच्या पायांच्या तुझ्या त्या अक्षरात वर लिहिलं होतंस, 'लावशील तर खरं'. नाही लावलं. पुस्तकांच्या कपाटात पडून होतं. गेल्या महिन्यात हाती लागलं, मोजल्या तर ४० बिया. म्हटलं, गुपचूप रोपं करावी आणि एकदम फोटोच पाठवावा. २४ कप्प्यांचा ट्रे आणला, कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवलं, एकेक बी अर्धा सेंटिमीटर खोल लावली आणि ट्रे खिडकीत ठेवला. आठवड्यात उगवतील म्हणून निश्चिंत.

आठवा दिवस, काही नाही. नववा, दहावा, काही नाही. मी रोज पाणी घालतोय. ही म्हणाली, "बिया पोहायला शिकतायत का?" अकराव्या दिवशी राहवलं नाही. होय, उकरल्या. शाळेत कापसातले वाल रोज उपसून बघायचो तेव्हा तू मला 'सर्जन' म्हणायचास. सवय गेलेली नाही. दातकोरणीने दोन वर काढल्या. एक नखाने दाबली तर पचकन फुटली, आत नुसता लगदा आणि कुबट वास. दुसरी मात्र टणक, फुगलेली, अंगावरची लव शाबूत. म्हणजे मेलेली नाही, नुसती बसून राहिलेली.

त्या रात्री झोप नाही. तुझ्याकडे त्या वाणाचं बी आता उरलेलं नाही, हे लंब्याने मागे सांगितलं होतं. म्हणजे मी पाच वर्षं झोपा काढल्या आणि उठून शेवटचा साठा बुडवला. तुला विचारायचीही सोय नाही.

मग जे आधी करायचं ते शेवटी केलं. उरलेल्या १६ पैकी १० बिया ओल्या टिश्यूत, पाणी गळणार नाही इतपत पिळून, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या डोक्यावर, उबेला ठेवली. सहाव्या दिवशी उघडली तर सातांना पांढरे मोड! ताजं बी याहून बरं उगवतं, पण कोरड्या जागी ठेवलेलं टोमॅटोचं बी चारपाच वर्षं सहज टिकतं म्हणतात, ते खोटं नाही. बी चांगलंच होतं. नालायक मी.

थर्मामीटर मातीत खुपसल्यावर उलगडा झाला. खोलीत २१ अंश, ट्रेमध्ये सकाळी १६. खिडकीची थंडी होतीच, शिवाय ओल्या मातीतून पाणी उडून जातं ते तिला आणखी गार करतं. आपण हवेचा अंदाज घेतो, बी मातीत असते. २५ ते ३० अंशांत सहाएक दिवसांत उगवणारी बी १५ अंशांत दोन आठवडे घेते, १० अंशांत तर महिना उलटतो. त्यात मी रोज पाणी ओतून हवाच कोंडली होती. बीलाही श्वास लागतो, हे मला या वयात कळावं! नुसता वाफसा, म्हणजे ओलसर पण मोकळी माती हवी होती, मी चिखल केला.

ट्रेमधलं पाणी निथळून काढलं आणि तोही फ्रीजवर चढवला. तिथे माती २५ वर आली. चौथ्या दिवशी पहाटे विजेरी घेऊन बघतो तर एका कप्प्यात फिकट हिरवी, वाकलेली मान. डोकं अजून मातीत, पाठ तेवढी बाहेर. मी ओरडलो, ही धावत आली, तिला वाटलं गुडघा. कोंब दिसताच ट्रे दिव्याखाली हलवला. उगवायला उजेड नसला तरी चालतो, पण उगवल्यावर नाही मिळाला तर रोपं नुसती उंच आणि लुळी होतात, आपल्या लंब्यासारखी. आजअखेर ट्रेमध्ये १३ आणि टिश्यूतली ७, मूळ न दुखवता लावलेली.

आता खरं बोलतो. खोलीवरची तुझी ती बरणी, फेस आलेली, जिच्या वासावरून आपण तीन दिवस अबोला धरला होता, ती तू बाहेर असताना मीच ओतली होती. मांजराचं नाव केलं. बीभोवतीचा तो बुळबुळीत थर तिला फळाच्या आत रुजू देत नाही, म्हणून गर दोनतीन दिवस आंबवून तो काढायचा असतो, हे तू सांगत होतास आणि मी नाक धरून बसलो होतो. या ४० बिया तुझ्या दुसऱ्या बरणीतल्या, नाही का? तूच तर म्हणाला होतास.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. जास्त लिहीत नाही, ट्रे फिरवायचाय.

वीसातली दहा तुझी. कधी येतोस ते कळव.

तुझाच,
सर्जन

ता. क. एका रोपाच्या डोक्यावर टरफल टोपीसारखं अडकलंय, पानं उघडत नाहीत. ओल्या बोटाने भिजवत बसलोय. नखाने ओढू का? पत्र मिळताच फोन कर. तोवर हात लावत नाही. बहुतेक.