नागपूरच्या महाल भागातील वैद्यबाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय वैद्यबाईंना,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या जुनाट इसबावर आपण उपचार केले, त्यासाठी आम्ही कृतज्ञ आहोतच. परंतु औषध देण्यापूर्वी आपण जे समजावून सांगितले, त्याचे आभार मला जाहीरपणे मानायचे आहेत, कारण हेच दुखणे सोसणाऱ्या इतरांनाही ते कळायला हवे.

‘प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून इसब होतो’ असे जो तो सांगत होता आणि गुळवेलीचा काढा सुचवत होता. इसबात प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तर भलतीकडेच चवताळलेली असते, हे आपण सांगितले. अनेक रुग्णांत फिलॅग्रिन हे प्रथिन अपुरे असल्याने त्वचेचे कवच विरळ होते, त्यातून धूळ आणि साबणाचे अंश आत शिरतात, मग टी-पेशी या प्रतिकारपेशींचा एक गट इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ ही संदेशवाहक प्रथिने सोडू लागतो आणि यातले ३१ खाज भडकवते. अशा शरीराला प्रतिकारशक्ती वाढवणारे काही देण्याआधी थांबावे, हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, या दोन्ही बाजू आपण स्वतः वैद्य असून आमच्यापुढे मांडल्या.

वनस्पतींवरील आपले प्रेम मी पाहिले आहे, म्हणूनच आपल्या संयमाचे मोल मला अधिक वाटते. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह शमवते, पण पोटात घेतल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. चिनी वनस्पतींच्या एका काढ्याने प्रौढांचा इसब कमी झाल्याचे १९९२ साली लंडनमध्ये दिसले, परंतु पुढे हाँगकाँगमधील चाचणीत तसा लाभ आढळला नाही.

कोणीतरी आणून दिलेल्या ‘शुद्ध वनौषधी’ मलमाने बहिणीच्या कोपरांची लाली रातोरात गेली, तेव्हा डबीवर घटक का छापलेले नाहीत, हा आपला पहिला प्रश्न होता. लंडनमध्ये तपासलेल्या ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले होते, हे आपल्याला ठाऊक होते. ते मलम बंद करवून आपण तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि लपवलेल्या स्टेरॉइडपेक्षा डॉक्टरांनी मोजून दिलेले बरे, असे सांगून तिच्या मनातली भीती घालवली.

कोमट पाण्याची थोडकीच आंघोळ, ओलसर अंगावर लगेच पेट्रोलियम जेली, खोबरेल चालेल पण मोहरीचे तेल नको, हे सारे ती नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यातही नेमाने पाळते. सारिवा-मंजिष्ठेचा काढा सुरू करण्याआधी आपण यकृताची रक्ततपासणी करायला लावली आणि काढ्यातील प्रत्येक घटक त्वचारोगतज्ज्ञांना लिहून कळवला. आता तिला रात्रीची झोप लागते.

आपली ऋणी,
एका रुग्णाची मोठी बहीण,
नागपूर