खोटे बोलणारा निवेदक आणि फसवणारा लेखक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसशास्त्रीय थरारक कादंबऱ्यांची परीक्षणे आपल्या पुरवणीत नियमित येतात, याचा आनंद आहे. पण त्यांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात : 'निवेदक शेवटी खोटारडा निघाला, वाचकाची फसवणूक झाली' आणि 'एकही पात्र आवडत नाही'. बहुतेक वेळा दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि तेवढ्यावर कादंबरी निकालात निघते. वास्तविक या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. सालस माणूस बेभरवशाचा निवेदक असू शकतो, कारण त्याला कळतच कमी. उलट एखादा निर्दयी माणूस आपले कृत्य तपशीलवार आणि खरेखुरे सांगू शकतो.

'बेभरवशाचा निवेदक' ही कल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'मध्ये मांडली. निवेदकाचे बोलणे त्या कलाकृतीमागच्या लेखकाच्या भूमिकेशी जुळत नसेल, तर तो बेभरवशाचा. म्हणजे निवेदक खोटे बोलत असताना त्याच्या पाठीमागून लेखक वाचकाला खुणा करत असतो. या खुणा आहेत की नाहीत, हे परीक्षणाने तपासायला हवे. पुढे जेम्स फेलन या अभ्यासकांनी निवेदक कशाकशात चुकतो याची विभागणी केली : काय घडले, त्याचा अर्थ काय, आणि ते बरे की वाईट. प्रत्येकात तो चुकीचे तरी सांगतो किंवा कमी तरी सांगतो. म्हणजे एकूण सहा प्रकार. माझ्या मते थरारकथेत सर्वांत कसाचा प्रकार 'कमी सांगणे' हाच.

त्याचे उत्तम उदाहरण ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'मध्ये आहे. (ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) निवेदक डॉक्टर सांगतो की टपाल आत आले तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी होती, आणि तो खोलीबाहेर पडला तेव्हा दहा मिनिटे कमी. दोन्ही वेळा खऱ्या. मधल्या दहा मिनिटांत त्याने स्वतःच खून केला, ते मात्र तो सांगत नाही. शेवटच्या प्रकरणात तोच ही फट दाखवून देतो, आणि मागे जाऊन पाहिले तर एकही शब्द खोटा सापडत नाही. यानंतर तीन वर्षांनी, 1929 मध्ये, इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेत लवकर दिसायला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले आहेत असा तो नसावा. आजच्या मानसशास्त्रीय थरारकथेचा मोठा भाग हा नियम मोडूनच उभा आहे. तो मोडायला हरकत नाही, पण कसा मोडला हे पाहावे लागते.

यात सर्वाधिक चुका काळामुळे होतात. निवेदन भूतकाळात असेल तर सांगणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. मग तो कोणाला सांगतो आहे, आणि आत्ताच का? पोलिसांपुढचा जबाब, वकिलासाठी लिहिलेले टिपण, कोणाच्या तरी हाती पडावी म्हणून लिहिलेली डायरी, असे काही असेल तर लपवण्याला कारण मिळते. असा श्रोताच नसेल, तर लपवालपवी लेखकाची ठरते. वर्तमानकाळात अडचण उलटी. 'मी जिना चढते, माझे हात थरथरतात' असे क्षणाक्षणाचे विचार ऐकवणारी बाई तीनशे पाने तळघरातल्या प्रेताचा विचारच करत नाही, हे पटत नाही. ती तो विचार टाळताना दिसली पाहिजे. तळघराचा विषय निघाला की तिचे वाक्य तुटावे, ती भलत्याच कामाला लागावी. दुसऱ्या वाचनात हीच जागा सुगावा ठरते.

दारूमुळे आठवण पुसलेला निवेदक अलीकडे फार वापरला जातो, आणि तिथे वैद्यकीय चूक सर्रास होते. रक्तातले मद्याचे प्रमाण झपाट्याने वाढले की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये घटनांची नोंदच पक्की होत नाही. माणूस बेशुद्ध नसतो. तो चालतो, बोलतो, भांडतोही. पूर्ण कोऱ्या गेलेल्या काळाची आठवण पुढे परत येत नाही, कारण ती साठवलेलीच नसते. तुकड्यातुकड्याने कोरे गेले असेल तर एखादा वास, जागा किंवा शब्द यांनी काही तुकडे जागे होतात. तेव्हा शेवटच्या चार प्रकरणांत अख्खी रात्र चित्रपटासारखी डोळ्यांपुढे येत असेल, तर ती लेखकाची सोय समजावी. तीच गोष्ट स्किझोफ्रेनियाची. एका देहात दोन व्यक्तिमत्त्वे म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. तरी उलगड्यासाठी हे नाव बिनदिक्कत वापरले जाते, आणि त्याची झळ खऱ्या रुग्णांना बसते. परीक्षकांनी यावर जरूर बोट ठेवावे.

आता नावडत्या पात्रांविषयी. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (1955) या कादंबरीतला टॉम रिप्ली खोटे बोलतो, खून करतो, दुसऱ्याचे आयुष्य अंगावर चढवतो, आणि तरी तो पकडला जाऊ नये असे वाचकाला वाटत राहते. तो आवडतो म्हणून नव्हे. त्याला काय हवे आहे ते स्पष्ट आहे, तो आपल्या कामात तरबेज आहे आणि प्रत्येक पानावर त्याला एखादी नेमकी अडचण सोडवायची आहे. या तीन गोष्टी असल्या की वाचक दुष्टाबरोबरही चालतो. कादंबरी फसते ती पात्राला काहीच नको असते तेव्हा, किंवा लेखक घाबरून उशिरा एखादे हलाखीचे बालपण चिकटवतो तेव्हा. आणखी एक खटकते. थंड, आपमतलबी पुरुष निवेदकाला परीक्षणात 'गूढ' म्हणतात. तशीच बाई असली की ती 'डोक्यात जाते'.

अनुवादांबद्दल तर परीक्षणांत जवळपास काहीच नसते, आणि खरी कसोटी तिथे आहे. इंग्रजीत 'मी' पुरुष की स्त्री हे अख्खे पुस्तक लपवता येते. मराठीत 'मी आत गेलो' की 'गेले', पहिल्याच पानावर फुटते. तरी वाटा आहेत. 'मी दार उघडले', 'मी पत्र वाचले' यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, 'मला आवाज आला'मध्येही लिंग झाकलेले राहते, आणि भविष्यकाळात 'मी जाईन' दोघांचेही. कर्ता गाळायची सवय तर खोटारड्या निवेदकाच्या पथ्यावरच पडते. 'दार उघडले. आत अंधार होता.' कोणी उघडले? वाक्यात एकही शब्द खोटा नाही. नुसत्या 'म्हणे'ने किंवा 'असावे'ने पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करता येते. अनुवादकाने ते चुकीच्या जागी घातले तर सुगावा मरतो, किंवा पन्नास पाने आधीच बोंब होते.

म्हणून विनंती अशी. परीक्षकाने कादंबरी संपल्यावर पहिली पन्नास पाने पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावीत. निवेदकाने पाहिलेले, त्याने तर्काने काढलेले आणि दुसऱ्याने त्याला सांगितलेले, अशा तीन खुणा समासात कराव्यात. 'पाहिले' अशी खूण असलेले वाक्य शेवटी खोटे ठरले आणि त्याला नशा, भीती किंवा समोरचा श्रोता असे कोणतेच कारण मिळाले नाही, तर लेखकाने फसवले असे खुशाल लिहावे, त्या वाक्याच्या पानाच्या आकड्यासह. आणि परीक्षणाच्या मथळ्यात 'धक्कादायक कलाटणी' हे शब्द कृपया छापू नयेत. ते वाचल्यावर वाचक पहिल्या ओळीपासून निवेदकाकडे संशयाने पाहू लागतो, आणि लेखकाने तीनशे पाने जपलेला भरवसा कादंबरी उघडण्याआधीच गेलेला असतो.

आपली,
एक नियमित वाचक