फोर-केच्या डब्यात दोन साध्या ब्लू-रे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: चुकीच्या डिस्क पाठवल्याबद्दल

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' या सिनेमाच्या अल्टिमेट एडिशनचा, म्हणजे वाढीव आवृत्तीचा, फोर-के संच मागवला. पैसे आगाऊ भरले. डब्यावर 'फोर-के अल्ट्रा एचडी' छापलेलं, सील शाबूत. आत एक फोर-के आणि एक साधी ब्लू-रे असायला हवी. डिस्क दोनच आहेत, पण दोन्ही साध्या ब्लू-रे.

रविवारी दुपारी पाहायचं ठरलं. सोलापूरचं ऊन हॉलमध्ये येऊ नये म्हणून खिडकीवर चादर ठोकली (खिळ्यांवरून घरात अजून ऐकतोय). कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळी तयारी. भाच्यानं रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबलं, तर 1920 बाय 1080. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160, चौपट पिक्सेल. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण सिनेमा अडीच तासांत संपला! अल्टिमेट एडिशन तीन तासांची आहे. म्हणजे 2016 साली थिएटरात पाहिलेलाच सिनेमा पुन्हा विकत घेतला. सिनेमात सुनावणीच्या वेळी व्हीलचेअरमधल्या बॉम्बचा स्फोट होतो, तेव्हा आरपार पाहणाऱ्या सुपरमॅनला तो दिसला कसा नाही? व्हीलचेअरला आतून शिसं लावलेलं होतं आणि शिशातून त्याची नजर जात नाही; शिशाचा हा खुलासा त्या वाढीव अर्ध्या तासात आहे. मला तोच पाहायचा होता.

ग्राहक सेवेला फोन केला. टीव्ही फोर-के आहे का, विचारलं. आहे. प्लेयरही फोर-केचाच. मग एचडीएमआय केबल बदला म्हणाले. अहो, केबल बदलून सिनेमा लांबतो का? शेवटी उत्तर मिळालं, 'सील फोडलेला माल परत घेत नाही.' सील न फोडता आतलं कळणार कसं?

ई-मेलनं तक्रार करून बारा दिवस झाले, पोचही नाही. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. योग्य संच पाठवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. परतीच्या कुरिअरचा खर्च तुमचा. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं त्यासाठी तुमच्या गावी यावं लागत नाही.

डिस्कचे आणि टीव्हीवरच्या इन्फोचे फोटो सोबत जोडले आहेत. डबा जपून ठेवलाय. कुरिअरवाल्याला येण्याआधी फोन करायला सांगा, दुपारी दोन ते चार सोडून.

आपला ग्राहक,
जुळे सोलापूर