व्हिडिओ सगळ्यांकडे, जबाब द्यायला कोणी नाही

संपादक महोदय,

कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी केळ्याची गाडी लावणाऱ्या चाचांना गेल्या महिन्यात पाच-सहा पोरांनी नाव विचारलं, नाव ऐकलं आणि सरळ गाडी उलटी केली. मी खाली पोचले तेव्हा केळी रस्त्यावर चिरडलेली, वजनं गटारात, आणि चाचा डावं मनगट धरून बसलेले, एवढंच म्हणत होते की ताई केस नको, मला इथेच धंदा करायचाय. आजूबाजूला वीसेक जण मोबाईल धरून उभे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवरही आला पण जबाब द्यायला चला म्हटलं तर एकही जण तयार नाही, शेवटी मी आणि शेजारच्या काकूच गेलो.

पोलीस स्टेशनला म्हणाले किरकोळ आहे, एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतो. दुसऱ्या दिवशी एक्सरेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं, तो कागद घेऊन परत गेलो, दोन तास बसलो, तेव्हा कुठे एफआयआर झाला. खरं तर नवीन न्याय संहितेत कलम 117(4) आहे, पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. हे चाचांना कोण सांगणार?

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच झुंडीच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक नोडल पोलीस अधिकारी नेमायला सांगितलंय. आमची मागणी एवढीच की त्यांचं नाव आणि नंबर प्रत्येक पोलीस स्टेशनबाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा.

आणि मोहल्ला कमिट्या परत नीट चालू करा, फक्त गणपती-ईदच्या आधी चहापाण्यापुरत्या नको. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवंडीत 1970 आणि 1984 ला केवढ्या दंगली झाल्या, नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी तिथे दोन्हीकडच्या साध्या माणसांना पोलिसांसोबत नियमित बसवलं आणि 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकतं, झालेलं आहे.

चाचा आता गाडी लांब स्टेशनच्या बाजूला लावतात. त्यांना परत जुन्या जागेवर आणायचंय, म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही गल्लीतले आठ-दहा जण बसतोय, व्हिडिओ काढणाऱ्यांपैकी दोघं जबाब द्यायला तयार झालेत.

– एक रहिवासी, कळवा, ठाणे