ब्रॅडफर्डच्या नव्या मास्तरीणबाईंना

चिऊ,

परवा फोनवर तू जाम वैतागलेली होतीस, दिवसभर त्या कम्युनिटी कोहेजनच्या, म्हणजे सगळ्या समाजांनी मिळून राहायच्या, ट्रेनिंगला बसवलं, प्रिव्हेंटचं, ते अतिरेकाकडे वळणारी पोरं वेळीच ओळखायचं सरकारी, ऑनलाइन मॉड्यूल करून घेतलं, कॉरिडॉरमध्ये ब्रिटिश व्हॅल्यूजचं पोस्टर, आणि कॅन्टीनमध्ये बघावं तर गोरी पोरं एका टेबलावर आणि आपली एशियन दुसऱ्या, मग हे सगळं नाटकच ना म्हणालीस. तेव्हा बाबा शेजारी मॅच बघत ओरडत होते त्यामुळे धड बोलता आलं नाही.

पोस्टरबद्दल तुझं अगदी बरोबर आहे, पोस्टरने कोणाचं काही होत नाही. पण कॅन्टीनवरून कॉलेजला नापास करू नकोस गं. तू शिकवतेस त्याच गावात 2001 च्या जुलैमध्ये दंगल झाली होती, मेमध्ये ओल्डमला आणि जूनमध्ये बर्नलीला आधीच होऊन गेलेली. मग सरकारने नेमलेल्या टेड कँटल यांच्या समितीचा रिपोर्ट आला, त्यात मुख्य रडगाणं हेच की माणसं एकाच गावात राहतात पण गल्ली वेगळी, शाळा वेगळी, एकमेकांशी संबंधच येत नाही. आता बघ, शाळेत वस्तीतली पोरं येतात, पण तुझ्या कॉलेजात अख्ख्या गावातली येतात. शिवाय 2014 पासून जीसीएसईला, सोळाव्या वर्षीच्या शाळेच्या परीक्षेला, मॅथ्स नाहीतर इंग्लिश राहिलं की कॉलेजात ते परत शिकावंच लागतं, म्हणजे प्लंबिंगवाला गोरा पोरगा, हेअरड्रेसिंगची मुलगी, पाकिस्तानी मीरपुरी घरातला मोटर मेकॅनिक, सगळे तुझ्यासमोर एकाच अपूर्णांकावर अडकून बसलेत! इतकी सरमिसळ त्या गावात दुसरीकडे कुठे बघायला मिळेल सांग.

मी लेस्टरला ईसॉलच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांना इंग्रजी शिकवायच्या, वर्गाला जायचे ते तुला आठवत नसेल, तू खाली क्रेशमध्ये, पाळणाघरात, असायचीस. माझ्या बाकावर एक सोमाली बाई होती, ती हॉलंडमधून आलेली त्यामुळे फडाफडा डच बोलायची आणि इंग्रजी माझ्यासारखंच, पुढे पोलंडचा एक बांधकामवाला, आणि आपल्या त्या मीरपूरच्या भाभी. भाभी आणि मी हिंदी-उर्दूत सुरू झालो की टीचर टेबलावर पेन आपटायची. एकदा जीपीला, म्हणजे डॉक्टरकडे, फोन करायचा सराव होता, मी रिसेप्शनिस्ट आणि पोलिश दादा पेशंट, तो जिवाच्या आकांताने म्हणतोय की त्याची पाठ मंगळवार आहे, मंगळवारपासून दुखतेय हे काही जमेना, सगळा वर्ग लोळला आणि तोही हसला. कोहेजन बिहेजन कोणी उच्चारलं नाही, सगळ्यांना फक्त सर्टिफिकेट हवं होतं.

आणि खरं नुकसान कशाने झालं सांगू, टेबलांनी नाही, पैशाने. 2007 ला सरसकट फुकट ईसॉल बंद झालं, 2010 नंतर मोठ्या माणसांच्या शिक्षणाचं बजेट कापत गेले, बऱ्याच कॉलेजांची क्रेश बंद पडली आणि लहान पोर असलेली बाई घरातच बसली. मग 2016 ला सरकारनेच नेमलेल्या लुईस केसी यांचा रिपोर्ट येतो, म्हणे लोकांना इंग्रजी शिकवायला हवं. अहो, शिकत होतो की आम्ही!

2022 चं तुला ठाऊकच आहे, 28 ऑगस्टला भारत-पाकिस्तान मॅच झाली आणि तिथून इथे लेस्टरला हिंदू-मुसलमान पोरांत जे पेटलं ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आपल्या ग्रुपवर एकेक फॉरवर्ड यायचे आणि भाभींच्या ग्रुपवर उलट बाजूचे, मुलगी पळवायचा प्रयत्न झाला अशी एक अफवा तर पोलिसांनीच खोटी म्हणून सांगितली. मी सरळ भाभींना फोन लावायचे, तुमच्याकडे काय ऐकू येतंय म्हणून, आणि त्या मला म्हणायच्या आज बेलग्रेव्ह रोडला जाऊ नका, उगाच गर्दी आहे. भांडण काही आम्ही दोघींनी थांबवलं नाही, आमचं कोण ऐकणार? पण आमच्या दोन घरांतली पोरं तरी रस्त्यावर उतरली नाहीत. आणि तो नंबर माझ्याकडे आला कुठून, तर वर्गातून, होमवर्क विचारायला घेतलेला.

म्हणून कॅन्टीनमध्ये लुडबुड करू नकोस, दमलेली पोरं ओळखीच्यांत बसणारच, तू स्टाफरूममध्ये काय वेगळं करतेस? वर्गात मात्र जोड्या तू लाव, आणि दर आठवड्याला बदलू नकोस, टर्मभर त्याच ठेव, एकाला टक्केवारी येत असेल आणि दुसऱ्याला ग्राफ तर झक मारत बोलतील.

तुमच्याकडे संध्याकाळचं ईसॉल अजून चालू आहे का ते विचारून ठेव. बाबांच्या फॅक्टरीतल्या एकाची बायको आता ब्रॅडफर्डला राहायला गेलीय, दिवसा दोन लहान मुलं असतात, नवरा सहाला घरी येतो. वर्ग सातनंतरचा असेल तरच तिला सांगते.

आई